हबशी

परदेशात इथिओपियन किंवा एरिट्रियन जेवणाच्या अनेक हॉटेलांवर ‘हबेशा’ अशी पाटी असते. दोन्ही देशांतले बरेच लोक स्वतःला अभिमानाने हेच म्हणवतात. अरबीत त्या भूमीला ‘हबश’ म्हणतात. तिथला तो ‘हबशी’. फारसी आणि दख्खनीच्या वाटेने शब्द मराठीत आला. जंजिऱ्याच्या मुलखाला तर आपण ‘हबसाण’च म्हणायचो.

असाच एक हबशी म्हणजे इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर. तो निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने काही काळ जुन्नरला राजधानी ठेवली. 1610मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. अशा माणसाची ओळख सांगणारा शब्द आपण काळ्या रंगावरून हिणवायला वापरला, याचं मला फार वाईट वाटतं.

हॉटेलांच्या पाटीवरच्या त्या हबेशांच्या जेवणात टेफ या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली, आंबोळीसारखी जाळीदार ‘इंजेरा’ मोठ्या ताटात पसरतात, वर कालवणं वाढतात आणि सगळे त्याच ताटात जेवतात. शेजारच्याला हाताने घास भरवण्याला अम्हारिक भाषेत ‘गुर्शा’ म्हणतात.