दुखणाऱ्याची साक्ष

थंडी पडू लागली की आमच्या विभागात एक संवाद दर वर्षी घडतो. अपघातानंतर नडगीत रॉड बसवलेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी गार सकाळी पाय चोळत येतात आणि म्हणतात, "लोखंड गार पडलं." सारे हसतात. हे स्पष्टीकरण कितपत खरे, याचा शोध घेताना आम्ही वैद्यकातून निघालो आणि वाङ्मयाच्या दारात येऊन पोहोचलो.

मराठीतला 'सल' हा 'शल्या'चा वंशज. सुश्रुतपरंपरेत शल्य म्हणजे शरीरात रुतून पीडा देणारी वस्तू, आणि ती बाहेर काढण्याची विद्या ते शल्यतंत्र. आधुनिक शस्त्रक्रियेने हा व्यवहार उलटा केला. १९३९-४० च्या सुमारास जर्मनीत गेऱ्हार्ड क्युन्चर यांनी मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी खिळा बसवला. काढायचे ते शल्य आता मुद्दाम आत ठेवले जाऊ लागले. तेव्हा ठणक्याचे खापर धातूवर फुटावे, हे स्वाभाविकच. परंतु हाडात खोल बसलेला रॉड देहाच्याच उष्णतेत राहतो. घोट्याजवळ किंवा मनगटाजवळ, कातडीलगत बसवलेली पट्टी त्यामानाने लवकर गार पडू शकते, एवढेच. शिवाय धातूचा कणही शरीरात नसलेली जखम हवामान ओळखते, हे एका अमेरिकी सैनिकाने शतकापूर्वीच नोंदवून ठेवले होते.

त्याचे नाव कॅप्टन कॅटलिन. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली तो जायबंदी झाला आणि त्याचा पाय कापावा लागला. उरलेल्या खुंटात वर्षानुवर्षे कळा येत राहिल्या. कळ केव्हा आली, किती वेळ टिकली, त्या वेळी हवा कशी होती, हे तो चिकाटीने टिपत गेला. फिलाडेल्फियाचे मज्जातंतुतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी या टिपणांच्या आधारे १८७७ साली वेदना आणि हवामान यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला. वादळ सरकते तेव्हा पावसाच्या क्षेत्राभोवती वेदनेचाही एक पट्टा सरकतो, असे त्यांनी मांडले. रुग्णाच्या वहीला विज्ञानाने पुराव्याचा मान दिला, ही गोष्ट आम्हाला त्या निष्कर्षाहूनही मोलाची वाटते.

मिचेल हे कथा-कादंबरीकारही होते. १८६६ साली त्यांची जॉर्ज डेडलो या चारही अवयव गमावलेल्या सैनिकाची कथा निनावी छापली गेली. वाचकांना ती इतकी खरी वाटली की काहींनी त्या काल्पनिक सैनिकासाठी मदत पाठवली. जो अवयव उरलेलाच नाही त्यातल्या वेदनेला, आभासी अवयवाला, इंग्रजीत रूढ झालेले नावही त्यांनीच १८७१ मध्ये दिले. दिसत नसलेल्या दुःखावर विश्वास ठेवणारा असा हा वैद्य.

आणि याच वैद्याकडे १८८७ साली शार्लट पर्किन्स गिलमन उपचारांसाठी गेल्या. बाळंतपणानंतर मन कोलमडले होते. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या आजाराची हकीकत सविस्तर पत्राने कळवली होती. मिचेल यांना त्या पत्रात केवळ अहंमन्यता दिसली, असे गिलमन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. विश्रांतीचा उपचार झाला आणि पुन्हा लेखणीला हात न लावण्याचा सल्ला मिळाला. त्या अनुभवातून १८९२ साली 'द यलो वॉलपेपर' ही कथा आली. तीत मिचेल यांचा नामोल्लेखही आहे. दोघांनी आपापले दुखणे लिहून काढले आणि दोन्ही लेखनांचा वाचक एकच होता. सैनिकाची वही पुरावा ठरली आणि स्त्रीचे पत्र लक्षण ठरले.

साक्षीचा हा प्रश्न विसाव्या शतकातही सुटला नाही. १९९६ साली रेडेलमायर आणि ट्वर्स्की यांनी संधिवाताच्या १८ रुग्णांची १५ महिन्यांची माहिती तपासली. वेदना आणि हवामान यांचा संबंध त्यांना आढळला नाही. माणूस योगायोगातही आकृती पाहतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे २०१९ साली मँचेस्टर विद्यापीठाने, दीर्घकालीन वेदना असलेल्या २,६५८ जणांच्या मोबाइलवरील रोजच्या नोंदींवरून, दमट हवा, कमी वायुदाब आणि वारा यांचा वेदनेशी माफक पण खरा संबंध दाखवला. हे अभ्यास रॉड बसवलेल्यांचे नव्हेत. तरी जुन्या व्रणाची ताठर ऊती आणि तुटलेल्या मज्जातंतूंच्या टोकांशी वाढलेल्या गाठी थंडीला व दाबाला हळव्या असतात, हे वैद्यक मान्य करते. वाताच्या गुणांत 'शीत' गणणाऱ्या आयुर्वेदाला आणि सांधे शेकणाऱ्या आपल्या आज्ज्यांना या संबंधाचे नवल वाटले नसते.

लक्षणीय हे की मँचेस्टरचे ते संशोधन अखेर कॅटलिनच्याच मार्गाने गेले: दुखणाऱ्याने लिहायचे आणि इतरांनी नीट वाचायचे. सरासरी अनेकांविषयी सांगते. एका देहात आज काय चालले आहे, ते त्या देहाच्या धन्यालाच सांगावे लागते. त्याचे निदान चुकत असेल, पण म्हणून वेदना खोटी ठरत नाही. साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना निवेदकाचा अर्थ लावण्याआधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकायला शिकवतो. विभागात मात्र सहकाऱ्याच्या पहिल्याच वाक्याला हसून मोकळे होतो.

लोखंड बहुधा गार पडलेले नसते. पाय मात्र खरोखर दुखत असतो.