बंदुकीच्या अंगावरचीं अक्षरें



एखाद्या जुन्या वाड्यांतील भिंतीवर टांगलेली रायफल दाखवून "ही सत्तावन सालची, आमच्या पणजोबांच्या हातांतली," असें यजमान सांगतात, तेव्हां पाहुण्यानें मान डोलावणें हा शिष्टाचार झाला. परंतु इतिहासाला हा शिष्टाचार पाळतां येत नाहीं. त्या रायफलीवर 'एनफील्ड' हें नांव उमटविलेलें असतें, आणि सत्तावन सालीं ज्या बंदुकीच्या काडतुसांवरून असंतोष पेटला, तिचेंहि नांव एनफील्डच. बहुधा एवढ्याच नामसाम्यावर सारी कथा उभी असते.

एनफील्ड हें लंडनच्या उत्तरेचें एक गांव. तेथील सरकारी कारखान्यांत दीडशें वर्षांहून अधिक काळ शस्त्रें तयार होत होतीं. तेव्हां हें नांव स्थळ सांगतें, काळ सांगत नाहीं. सत्तावनची एनफील्ड ही १८५३ च्या नमुन्याची, ठासणीची बंदूक. काडतुसाचा कागद दांतांनीं फाडावा, दारू नळीच्या तोंडांतून ओतावी, गोळी गजानें ठासावी, आणि मग एक बार काढावा, अशी तिची रीत. उलट, दाराच्या अडसरासारखा मागेंपुढें सरकणारा बोल्ट जिला आहे, आणि जिच्या पोटाखालीं दहा काडतुसांची पेटी आहे, ती ली-एनफील्ड होय. बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली याची व नळीच्या आंतील पिळदार खांचा एनफील्डच्या पद्धतीच्या, म्हणून हें जोडनांव. ब्रिटिश सैन्यानें ती १८९५ सालीं स्वीकारली, म्हणजे उठावानंतर अडतीस वर्षांनीं. पणजोबांचा पराक्रम खरा असेल. पण त्याची साक्ष ही बंदूक देऊं शकत नाहीं.

मग ती कशाची साक्ष देते? बोल्टच्या मुठीखालीं, लाकडी दस्ता जेथें पोलादांत बसतो, तेथें उजव्या बाजूस पाहावें. वर मुकुट, त्याखालीं राजाचीं आद्याक्षरें, मग कारखान्याचें नांव, साल, आणि शेवटीं नमुन्याची खूण असते. राजांच्या कारकीर्दी पाठ करावयास लावल्याबद्दल मुलांनीं मला मनांतल्या मनांत पुष्कळ शिव्या दिल्या असतील. येथें मात्र त्या कारकीर्दीच उपयोगी पडतात. 'व्ही. आर.' म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती जानेवारी १९०१ मध्यें वारली. 'ई. आर.' म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. त्यानंतर 'जी. आर.' म्हणजे जॉर्ज. आंखूड नळीच्या रायफलीचा तिसरा नमुना १९०७ सालीं आला. त्याच्या रोमन आंकड्यापुढें तारा असेल तर ती १९१६ सालची सुधारणा. युद्धाच्या घाईंत माल लवकर निघावा, म्हणून काडतुसांची पेटी बंद करणारी पत्र्याची झडप व लांब पल्ल्याच्या सामुदायिक गोळीबाराचें नेमसाधन तेव्हां गाळण्यांत आलें. तो तारा शोभेचा नव्हे, टंचाईचा आहे!

आपल्या देशांत सांपडणाऱ्या अनेक रायफलींवर 'जी. आर. आय.' व 'ईशापूर' अशीं अक्षरें असतात. शेवटचें अक्षर 'इंपरेटर', म्हणजे सम्राट, या पदवीचें. ईशापूरचा कारखाना बंगालमध्यें हुगळीच्या कांठीं, बराकपूरच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर आहे. त्याच बराकपुरांत २९ मार्च १८५७ रोजीं मंगल पांडे यानें शस्त्र उचललें. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या कामावरून मुकुट गेला. पुढें १९६२ च्या चीन-युद्धानंतर तेथें त्याच घाटाची, पण ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल निघाली. ती जुन्या .३०३ च्या रायफलीसारखी दिसते, परंतु एकीचें काडतूस दुसरीला चालत नाहीं. म्हणून ही खूण केवळ हौसेनें वाचण्याची नव्हे.

आतां खोट्या साक्षीकडे वळूं. पेशावर व कोहाट यांच्या मधें दर्रा आदमखेल हें गांव आहे. तेथील कारागीर पिढ्यान् पिढ्या हातानें बंदुका घडवीत आले. त्यांची हातोटी वाखाणण्यासारखी. परंतु अक्षरें ते चित्राप्रमाणें उतरवीत. त्यामुळें सरहद्दीवरच्या नकलांत इंग्रजी 'एन' उलटा पडतो, 'एनफील्ड'च्या वर्णांची अदलाबदल होते, आणि 'व्ही. आर.' खालीं १९१९ हें साल झळकतें. राणी तर अठरा वर्षांपूर्वींच निवर्तलेली! सरकारी मालाची खूण म्हणून जो बाणाचा फाळ उमटवीत, तोहि तेथें निःसंकोच उमटविलेला असतो. अस्सल रायफलीवर तसले दोन फाळ टोकाला टोक लावून असतील, तर ती सैन्यानें रीतसर विकून टाकलेली. 'डी. पी.' अक्षरें असतील, तर ती केवळ कवाइतीसाठीं. तिच्यांतून बार काढण्याचा विचारहि करूं नये.

सर्व अक्षरें जुळलीं तरी एक पडताळा राहतोच. नळीवरचा क्रमांक आणि बोल्टच्या मुठीमागचा क्रमांक एकच असावयास हवा. ते भिन्न असतील, तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. आणि काडतुसाच्या मागें तो नेमका बसतो कीं नाहीं, हें जाणत्या शस्त्रकारानें तपासल्यावांचून त्या रायफलींत काडतूस घालूं नये. अर्थात् हें सारें वाचन परवान्याच्या रायफलीचें, आणि तीहि रिकामी आहे अशी स्वतःच्या डोळ्यांनीं खात्री करून घेतल्यावर.