शारदासदन व मुक्तिसदन : निवासी शाळेतील धर्मसंस्कार

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांनी स्थापन केलेल्या दोन निवासी शिक्षणसंस्था. शारदासदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस, मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी निघाले व नोव्हेंबर १८९० मध्ये पुण्यास हलविण्यात आले. मुक्तिसदन १८९६-९७ च्या दुष्काळानंतर पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे उभे राहिले. पहिली संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या अटीवर चालावयाची होती. दुसरी उघडपणे ख्रिस्ती होती. संचालिका मात्र एकच होती. त्यामुळे विद्यार्थिनींच्या आध्यात्मिक जीवनास शाळेने कितपत हात घालावा, या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे येथे एकाच व्यक्तीच्या कार्यात पाहावयास मिळतात.

रमाबाईंनी कन्या मनोरमेसह २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला होता; पण चर्चची आज्ञा म्हणून एखादे मत स्वीकारणे त्यांना मानवले नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात हा संघर्ष स्पष्ट दिसतो. मुलीला कोणती धर्मतत्त्वे शिकवावीत हे ठरविण्याचा आईचा अधिकार त्यांनी मठापुढे ठामपणे मांडला. शारदासदनाच्या इतिहासाकडे वळताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण पुढे पुण्यातील पालकांनी रमाबाईंपुढे जो हक्क मांडला, तो याहून फारसा वेगळा नव्हता.

शारदासदनाचा खर्च चालविण्यासाठी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्यात विविध ख्रिस्ती पंथांचे लोक होते व तिने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी दिली. सदनात धर्मशिक्षण सक्तीचे असू नये, मुलींना आपापले जातीचे आचार पाळता यावेत आणि ग्रंथालयात बायबलाबरोबर हिंदू धर्मग्रंथही असावेत, असे ठरले होते. म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर, का. त्र्यं. तेलंग यांसारख्या सुधारकांनी या हमीवर विसंबूनच सल्लागार म्हणून आपली नावे दिली.

वाद उत्पन्न झाला तो कोणा शिक्षिकेच्या प्रवचनावरून नव्हे, तर एका उघड्या दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचीत व प्रार्थना करीत. दार बंद करण्याची त्यांची तयारी नव्हती व येणाऱ्या मुलींना त्या मज्जाव करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. आपण कोणावरही सक्ती केलेली नाही, स्वतःच्या घरात स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे वागण्याची मोकळीक इतरांप्रमाणे आपणासही आहे, असे रमाबाईंचे म्हणणे होते. लोकमान्य टिळकांच्या केसरीने या संस्थेमागे धर्मांतराचा हेतू असल्याची टीका चालविली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सदनाशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंस तथ्य होते. मिशनऱ्यांच्या शाळांविषयीचा संशय मुंबई इलाख्यात जुनाच होता. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांच्या धर्मांतरावरून १८३९ मध्येच मुंबईत मोठी खळबळ उडाली होती. परंतु दिवसाच्या शाळेतील मुलगा सायंकाळी घरी परततो. शारदासदनातील बालविधवेला बहुधा परतण्याजोगे घर नव्हते. जिच्या हातून अन्न, अक्षर आणि माया ही तिन्ही मिळाली, तिची प्रार्थना अशा मुलीला परकी कशी वाटावी? सक्ती नसली तरी ओढ होतीच. उलटपक्षी, ही ओढ टाळावयाची तर संचालिकेने आपली श्रद्धा लपवून वागावयास हवे होते, आणि मतासाठी मठाशी झगडलेल्या स्त्रीकडून ती अपेक्षा अवाजवी होती. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचे उदाहरण येथे उल्लेखनीय आहे. त्या हिंदूच राहिल्या आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिला, त्यास शारदासदनाचा आदर्श आणि त्याविषयी हिंदू समाजात उत्पन्न झालेला अविश्वास, दोन्ही कारणीभूत होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सु. ३०० मुली व स्त्रिया आणल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच मृत्यू पावले होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजस्थानकडील मुलींची भर पडून केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. बॉस्टनच्या संस्थेची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली होती, त्यामुळे तटस्थतेची अटही मुक्तिसदनास लागू नव्हती. येथे अक्षरओळख, विणकाम, शेती, शिवण, मुद्रण यांच्याबरोबर नित्य उपासना हा दिनक्रमाचाच भाग झाला. पुण्यातील पालकांप्रमाणे आक्षेप घेणारे या मुलींच्या मागे बहुधा कोणी उरले नव्हते. मुक्तिसदनाचे गुणगान करणाऱ्या बहुतेक चरित्रकारांनी या फरकाचा विचार केलेला नाही.

वेल्समधील १९०४-०५ च्या धर्मजागृतीची वार्ता आल्यावर रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये प्रार्थनेसाठी एक मंडळ जमविले. त्यात आरंभी सु. ७० जणी होत्या. काही महिन्यांत ती संख्या पाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस मुलींमध्ये विलक्षण भावावेग प्रकट होऊ लागला. मोठ्याने एकसमयी प्रार्थना, पापांची कबुली, रडणे, टाळ्या, अंगाची आग होणे असे प्रकार घडले. वर्ग काही काळ विस्कळीत झाले. ही जागृती शिक्षिकांनी आखून दिलेली नव्हती. पुढाकार पुष्कळ अंशी मुलींचाच होता, आणि शिक्षिकांना त्यांच्या मागून जावे लागले. अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंधळ रुचला नाही. रमाबाईंची स्वतःची वृत्ती शांत असली, तरी त्यांनी मुलींची बाजू घेतली : भारतीय स्त्रियांनी आपल्या रीतीने देवाला आळवावे, इंग्रजी शिस्तीचे ओझे त्यांच्यावर लादू नये. ज्यांच्यासाठी इतर सारे निर्णय दुसऱ्यांनीच घेतले, त्या मुलींना निदान प्रार्थनेत स्वतःचा आवाज सापडला. मुक्तीतील सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये याविषयी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोहोचली व १९०९ मध्ये तेथे उद्भवलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीस ती प्रेरक ठरली.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मूळ संहितांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून शब्द साधे ठेवण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. खिळे जुळविणे व छपाई ही कामे मुक्तीच्या छापखान्यात तेथील मुलींनी व स्त्रियांनीच केली. संपूर्ण ग्रंथ रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.