मु. पो.

पत्रे लिहिण्याची सवय आता मोडली. तरीही कुणी कागदावर पत्ता लिहायला सांगितला की हात आपोआप सुरुवात करतो, मु. पो. अमुक, तालुका तमुक. मुक्काम हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच झाला. प्रवासात थांबणे म्हणजे मुक्काम. गंमत अशी की ज्याचे घर, शेत, सातबारा सगळे एका जागी आहे, तो आपल्या पत्त्यात मुक्काम लिहितो. आणि ज्याचे सगळे आयुष्य मुक्कामांतच जाते, त्याला मात्र पत्ता नसतो. आज त्याच माणसाविषयी, म्हणजे पालातल्या माणसाविषयी बोलायचे आहे.

माझे लहानपण कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. गावाबाहेर ओढ्यापलीकडे गायरान होते. सुगी संपली की एखाद्या सकाळी तिथे धूर दिसायचा. पोरे ओरडत यायची, पालं आली! बांबूच्या कमानी, त्यांवर गोधड्या आणि तळवट, बाजूला गाढवे, कोंबड्या, एखादे राखणीचे कुत्रे. घिसाडी असले तर दिवसभर भाता चाले आणि गावातले बोथट विळे, खुरपी, कुऱ्हाडी पाण्यावर येत. वैदू आले तर तुंबडी लावून घ्यायला म्हातारी माणसे जात. बहुरूपी फौजदार बनून येई आणि आम्ही खरोखर घाबरत असू. दरवेशी अस्वल घेऊन येई. माझे वडील शिंपीकाम करीत. पालातल्या बायका चिंध्या मागायला आल्या की दादी त्यांना गाठोडे देई, वर पसाभर पीठ देई. कुणी कुरकुर केली तर म्हणे, "मुसाफिर हैं बेटा, ठैरने दो."

हे फुकटचे राहणे होते, पण बिनशिस्तीचे नव्हते. पाले पडली की त्यांचा म्होरक्या पोलीस पाटलाकडे जाऊन वर्दी देई. माणसे किती, जनावरे किती, कुठून आलो, कुठे जाणार. काम संपले की चार-आठ दिवसांत मुक्काम हले. मागे राहत चुलीचे तीन दगड आणि राख. सगळे गोड होते असेही नाही. गावात चोरी झाली की झडती आधी पालांची होई. पण थांबायचेच नाही, असे त्यांना कुणी म्हणत नसे.

या थांबण्याला मोठा इतिहास आहे. मोगली फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हा त्यांचे धान्य लमाणांच्या बैलांवरून येत असे. शहाजहानच्या काळात वजीर आसफखान विजापूरच्या मोहिमेवर आला. भंगी आणि झंगी हे दोन नाईक आपल्या तांड्यांसह त्याच्या सैन्याबरोबर होते. त्यांच्याकडे १ लाख ८० हजार बैल होते असे बंजारा परंपरा सांगते. त्यांना ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत परवाना मिळाला, अशीही आख्यायिका आहे. वाटेवरच्या रांजणातले पाणी आणि छपरावरचे गवत घेण्याची मुभा त्यात होती. आकडा आणि सोने बाजूला ठेवा. चालणाऱ्या माणसाला पाणी, चारा आणि थांबायला जागा लागते, आणि ती देणे हा राज्यकारभाराचा भाग आहे, एवढी समज त्या आख्यायिकेत आहे. अर्थात गवत ज्याच्या छपराचे जाई, त्याला कुणी विचारले नसणार, हेही खरे.

आमचे नांदेडच घ्या. १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या लष्करी तळाबरोबर गुरू गोविंदसिंग इथे आले आणि गोदावरीच्या काठी मुक्कामाला राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथेच त्यांनी देह ठेवला. त्या जागेचे नाव पुढे अबचलनगर पडले. अविचल, न हलणारे नगर. एका मुक्कामाने या शहराला जगाच्या नकाशावर नेले. तिकडे कंधारला हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. सय्याह म्हणजे प्रवासी. प्रवासी म्हणून ओळखल्या गेलेल्या अवलियापुढे आम्ही स्थायिक माणसे पिढ्यान् पिढ्या डोके टेकवीत आलो आहोत.

मग थांबणारा माणूस संशयित कधी झाला? आधी त्याचा धंदा गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे नांदेडवरून धावू लागली, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोचली, आणि बैलांच्या तांड्यांची उरलीसुरली वाहतूकही संपत गेली. दुसरीकडे १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत आला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरली. हजेरी द्यायची, पासाशिवाय हलायचे नाही. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. लोक आजही तिला सेटलमेंटच म्हणतात.

या जमातींत छप्परबंदही होते. ते मुसलमान. मोगली लष्कराच्या मुक्कामावर छपरे शाकारून देणारे, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. दुसऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घालणाऱ्यांच्या माथी गुन्हेगार हा शिक्का बसला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. शिक्का कागदावरून गेला. मनातून तो गेला नाही, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे १९८७ चे 'उचल्या' वाचावे.

आता जमिनीकडे येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या २२ व्या कलमात सरकारी जमीन कशासाठी राखून ठेवता येते, त्याची यादी आहे. गुरांच्या चराईसाठी, स्मशानासाठी, गावठाणासाठी, खळ्यासाठी, बाजारासाठी. याच रांगेत तळ ठोकण्याची जागाही आहे. मी ते वाचले तेव्हा दोनदा वाचले. साहेब लोक आणि पलटणी गावोगाव तंबू ठोकीत, त्या काळाची ती आठवण असावी. पण शब्द कायद्यात आहे, आणि कायद्याचा शब्द केवळ साहेबापुरता नसतो.

गायरानावर कुणाचा हक्क, हा मराठवाड्यातला जुना झगडा आहे. भूमिहीन दलितांनी पडीक गायराने कसली, त्यासाठी मार खाल्ला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ते योग्यच झाले. पण त्यालाही पुरावा लागतो, आणि जो चार दिवस राहून उठतो, त्याचा पुरावा वाऱ्याने उडालेली राख. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. तळी आणि चराऊ राने गिळणारे धनदांडगे समोर ठेवून दिलेला तो निकाल होता. गावोगाव मात्र पालवाल्यालाही अतिक्रमण हाच शब्द लागू लागला. त्याच वर्षी राज्याने यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि घर. ज्याला स्थिर व्हायचे आहे त्याला घर मिळालेच पाहिजे. पण ज्याचे पोट अजून वाटेवरच आहे, त्याने आज रात्री कुठे थांबायचे?

अमेरिकेत पश्चिमेकडच्या वाळवंटी प्रदेशांत केंद्र सरकारचे जमीन खाते आहे. त्याच्या ताब्यात सुमारे २४ कोटी एकर जमीन आहे. त्यातल्या बऱ्याच मोकळ्या रानात कुणीही आपले चाकांवरचे घर उभे करून साधारणपणे १४ दिवस फुकट राहू शकतो. मग दूर सरकायचे, कचरा मागे ठेवायचा नाही. निवृत्त माणसे तिथे हौसेने राहतात, घरभाडे न परवडणारेही राहतात. नियम वाचताना मला आमचा म्होरक्या आणि पोलीस पाटील आठवले. चार-आठ दिवस, वर्दी, आणि मागे फक्त राख. आमच्याकडे हा नियम न लिहिता पाळला जात होता.

३० सप्टेंबर १९९३ ला आम्ही स्थायिक माणसेही पालात गेलो. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची जड छपरे झोपलेल्यांवर कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा विशीत होतो. मदतीच्या ट्रकबरोबर नांदेडहून गेलो. शेतांत ताडपत्र्या, साड्या, चादरी बांधून माणसे बसली होती. ते शेत कुणाचे, हे कुणी विचारत नव्हते. एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "जल्मभर पालवाल्याला हिणवलं. आज त्याच्यावानी कापडाखाली बसलोय, म्हणून झोप तरी लागंल." पुढे कित्येक महिने लातूर-नांदेडकडची पक्क्या घरातली माणसेही अंगणात झोपत होती.

ही आठवण आम्ही जपायला हवी होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, एवढी अफवा पुरली. ते भिक्षेला आले होते. त्यांची पाले पिंपळनेरला होती. त्या दिवसांत नांदेडला माझ्या फाटकाशी एक बाई आली. कडेवर मूल, खांद्याला झोळी. माझ्या फोनवर तसले चित्रफितीचे निरोप येतच होते. मी फाटकाला कडी घातली आणि आत आलो. ती काही न बोलता पुढे गेली. मी कवी म्हणवतो. शहरात भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे मला चांगले ठाऊक आहे. आणि तरीही मी कडी घातली. दादी असती तर काय म्हणाली असती, हे मला सांगायला नको.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, आणि माळावर नजर पोचेल तिथपर्यंत पाले. तेवढे दिवस त्यांना कुणी उठवत नाही, कारण देवाने बोलावलेले असते. गेल्या खेपेला मी एका पालापुढे बसलो. म्हाताऱ्याने काळा चहा दिला. मी सवयीने विचारले, "बाबा, गाव कोणतं?" तो हसला. म्हणाला, "सध्या हेच."

कलम २२ मधला तो शब्द प्रत्येक ग्रामपंचायतीने एकदा वाचावा. गावाबाहेर दहा गुंठे जागा, एक हातपंप, एक दिवा, आणि वर्दी लिहून घ्यायला एक वही. आमच्या गावाने सुरुवात करावी म्हणून मी ग्रामसभेत अर्ज दिला आहे. अर्जावर माझा पत्ता लिहिताना हात थोडा थांबला, मग लिहिले: मु. पो.