गवती चहा आटवू नये

पावसाळ्यात हर्णे बंदर शांत असतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी, होड्या वर ओढलेल्या, संध्याकाळचा लिलाव बंद. या दिवसांत पाजपंढरीपासून मुरुडपर्यंत घरोघरी काढा होतो. परसातली गवती चहाची पात, तुळस, आलं, मिरी, दालचिनी. आणि काढ्याबद्दल एक समजूत सगळीकडे ऐकू येते, की तो जितका आटवावा तितका गुणकारी. चार कपांचा एक कप करावा, घरभर वास सुटला की अर्क उतरला असं धरावं. ही समजूत साफ चुकीची आहे आणि तिच्यापायी कोकणातली इतकी सुवासिक पात वाया जाते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. त्याचा मुख्य आधार आयुर्वेद. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथासाठी, म्हणजे काढ्यासाठी, औषधाच्या १६ पट पाणी घ्यायला आणि आठवा भाग उरेपर्यंत आटवायला सांगितलं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट अशा पाच कल्पना, म्हणजे औषध तयार करण्याच्या रीती, येतात, आणि त्यांत आधीची नंतरच्या कल्पनेपेक्षा बलवान मानली आहे. म्हणजे उकळलेला शृत हा गरम पाण्यात नुसत्या मुरवलेल्या फांटापेक्षा वरचढ. आधार भक्कम दिसतो.

पण त्याच यादीत पहिला मान स्वरसाला आहे. स्वरस म्हणजे ताज्या वनस्पतीचा पिळून काढलेला रस, त्याला आच लागतच नाही. बळ उकळण्यातून येत असतं तर स्वरस पहिला आलाच नसता. शिवाय चरक पुढे लगेच बजावतात की सगळ्या कल्पना सगळीकडे उपयोगी पडत नाहीत. रोग्याचं आणि रोगाचं बळ पाहून निवड करायची. शार्ङ्गधरानेही क्वाथाच्या जोडीला फांट सांगितलाच आहे. चूर्णाच्या चौपट गरम पाणी घ्यायचं, त्यात चूर्ण मुरवायचं, गाळून प्यायचं. २०२० साली आयुष मंत्रालयाने सुचवलेला ‘आयुष क्वाथ’ पाहा. तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, काळी मिरी १. यांचं ३ ग्रॅम चूर्ण १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात घालून चहासारखं घ्यायचं. नाव क्वाथाचं, कृती मात्र फांटाची. परंपरेचं नाव घेऊन आटवणाऱ्यांनी परंपरेतलं एकच पान वाचलं आहे.

आता पातीकडे येऊ. गवती चहाचा सुवास त्यातल्या तेलाचा, आणि त्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल असतं. हे तेल पातीतून काढतात कसं? पातीतून वाफ सोडून. वाफेबरोबर तेल उडतं, ती वाफ थंड केली की तेल वेगळं होतं. अत्तराचे कारखाने जे मुद्दाम करतात तेच आपण चुलीवर अर्धा तास करतो, फक्त वाफ धरून ठेवत नाही. घरभर सुटलेला वास हा काढा उतरल्याचा पुरावा नाही. कपात यायचं ते छपराला गेलं, याचा आहे.

खात्री करायची तर फार काही लागत नाही. पातेल्यात पात उकळताना वर ताटली ठेवा. दोन मिनिटांनी ती उचलून आतल्या बाजूला जमलेले थेंब हुंगा. लिंबासारखा झणझणीत, स्वच्छ वास येईल. मग उघड्यावर अर्धा तास आटलेलं पाणी हुंगा. तिथे शिजलेल्या गवताचा वास उरलेला असतो.

‘पण उकळल्याशिवाय रंग आणि कडकपणा येत नाही,’ असा आक्षेप येतो. तो अर्धा खरा आहे. दालचिनीची साल, सुंठ, ज्येष्ठमध ही कठीण द्रव्यं. त्यांना उकळी लागतेच. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं द्यावीत, तीही झाकून, कारण दालचिनीचा सुवासही वाफेबरोबर जातो. पण तुळशीचं कोवळं पान आणि पात यांना तोच न्याय लावणं चूक. १९३०च्या दशकात आसामात सुरू झालेल्या सीटीसी पद्धतीच्या दाणेदार चहाने आपल्याला दुधात खळखळ उकळायची सवय लावली. ती भुकटी उकळी सोसते, परसातली पात सोसत नाही.

मग करावं कसं? चार कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं, दालचिनीचा तुकडा आणि चार मिऱ्या घालून झाकून उकळावं. आच बंद करावी. मग पाच-सहा पाती बोटांनी मुरडून, गाठ मारून आत सोडाव्यात (कडा धारदार असतात, सांभाळून), सोबत थोडी तुळस. घट्ट झाकण, पाच मिनिटं. झाकणावरचे थेंब आतच झटकावेत. गूळ शेवटी.

ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो त्रास असलेल्यांनी रोज घेऊ नये. जायफळ घालायचंच तर चिमूटभर. हा चहा औषध म्हणून घशाखाली लोटायचा नाही, चवीने प्यायचा आहे. तेव्हा आज संध्याकाळी परसातून पात आणाल, तर ती आच बंद केल्यावरच पातेल्यात घाला.