अडकलेला जेट

1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन पतीने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्टझहाइमला निघाल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली, असे सांगतात. त्या मोटारीच्या कार्ब्युरेटरमध्ये बारीक छिद्राची तोटी नव्हती. हवा इंधनाच्या पृष्ठभागाशी येऊन वाफ बरोबर नेई. थंडीत वाफ कमी, उन्हात जास्त. मिश्रणाचे प्रमाण सांभाळणे अवघडच.

1893 मध्ये हंगेरीत बांकी व चोंका यांनी, आणि जर्मनीत मायबाख यांनी, तोटीतून इंधनाचा फवारा उडवणारे कार्ब्युरेटर आणले. आता छिद्राच्या मापावर इंधनाचे प्रमाण ठरू लागले. पण असे छिद्र तुंबणारच. पेट्रोल उडून गेले की मागे राळेसारखा चिकट थर उरतो. म्हणून पुढे तोटीचे टोक आट्यांचे, सुटे करता येणारे झाले. हाच पितळी जेट. पायलट जेटचे छिद्र तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

साफ करण्यासाठी सुटा केलेला हा भागच नेमका अडकून बसतो! कार्ब्युरेटरचे अंग पुढे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतले जाऊ लागले. जस्त आणि पितळ यांच्यामध्ये पाणी शिरले की छोटा विद्युतघटच तयार होतो. त्यात जस्त झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते.

सुटकेचा मार्गही या दोन धातूंतच आहे. 1 अंश सेल्सिअसला पितळ दर दशलक्ष भागांत सुमारे 19 भाग प्रसरण पावते, जस्ताचा हा मिश्रधातू सुमारे 27. समजा, आट्यांचा व्यास 6 मिलिमीटर आहे. पेट्रोल पूर्ण काढून, रबर-प्लॅस्टिकचे भाग उतरवून अंग 25 अंशांवरून उकळत्या पाण्यात 100 अंशांपर्यंत तापवले, तर भोक जेटपेक्षा साधारण साडेतीन मायक्रॉन जास्त फुगते. अंतर क्षुल्लक वाटेल, पण भुकटीची पकड ढिली व्हायला अनेकदा तेवढे पुरते. संपूर्ण पितळी अंगाच्या कार्ब्युरेटरला हा उपाय या कारणाने लागू पडणार नाही. तिथे दोन्ही सारखेच फुगतात. ज्योत मात्र वापरू नये. पेट्रोलची वाफ उरलेली असू शकते, शिवाय हा मिश्रधातू 400 अंशांच्या आतच वितळू लागतो.

एवढे करूनही पुष्कळ जेट बिघडतात ते अरुंद पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने. पाते खाचेच्या पूर्ण रुंदीचे हवे, नाहीतर मऊ पितळेच्या कडा तुटतात आणि मग पकडायला काही उरत नाही.