मोठ्या माणसांच्या चित्रांच्या गोष्टी

'प्रौढांसाठीची कॉमिक्स' असं म्हटलं की समोरचा आधी डोळा मारतो. मग आपण घाईघाईने सांगायचं, की बाबा तसलं काही नाही, गंभीर असतं, 'माऊस' बघ, आर्ट स्पीगलमनने वडिलांच्या छळछावणीतल्या आठवणी उंदीर-मांजरं काढून सांगितल्यात, १९९२ साली पुलित्झर मिळालंय त्याला. समोरचा "हो का?" म्हणतो आणि विषय बदलतो. सावंतवाडीला घरी गेलो की एवढंही होत नाही. मामाचा सरळ प्रश्न असतो, "मेल्या, ह्या वयात चित्रांची पुस्तकां कसली वाचतंस?"

आता गंमत अशी, की मामाच्या घरापासून पिंगुळी वीसेक किलोमीटरवर आहे. मुंबई-गोवा हायवेवर, कुडाळच्या जरा अलीकडे. बहुतेकांना पिंगुळी माहीत असते ती राऊळ महाराजांच्या मठामुळे. पण याच गावात ठाकर समाजाची काही घराणी पिढ्यान् पिढ्या चित्रं दाखवून गोष्टी सांगत आली. देवळात, रात्री, तेलाच्या दिव्याच्या उजेडात. समोर बसलेली सगळी मोठी माणसं. पोरं असलीच तर आईच्या मांडीवर झोपलेली. म्हणजे मामाच्या पणजोबांनी 'ह्या वयात' चित्रांच्या गोष्टी पाहिल्या असणार, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नसणार.

या कलेला चित्रकथी म्हणतात, आणि ती सांगणाऱ्यालाही चित्रकथीच म्हणतात. हाताने रंगवलेल्या चित्रांचा एक गठ्ठा, त्याचं नाव पोथी. साधारण फूटभर उंच, दीड फूट रुंद कागद, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एका पानाच्या दोन्ही बाजू वापरात. (कागद महाग होता हे कारण असेलच, पण पान उलटलं की पुढचा प्रसंग हाही फायदा.) एका पोथीत एक आख्यान, रामायण-महाभारतातलं नाहीतर पुराणातलं, तीस-चाळीस चित्रांत. सुरुवातीला गणपती आणि सरस्वती. मुख्य कथेकरी वीणा घेऊन बसतो, साथीला हुडुक आणि टाळ. चित्र पुढ्यात टेकवून ठेवायचं, त्यातली माणसं बोटाने दाखवत गात गात गोष्ट सांगायची, मध्येच गद्यात संवाद म्हणायचे, मग पुढचं चित्र.

ही काही कोकणातच उगवलेली गोष्ट नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा जो अवाढव्य ग्रंथ रचला (राजाने काय खावं इथपासून हत्ती कसे पकडावेत इथपर्यंत सगळं त्यात आहे), त्यात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. राजस्थानात पाबूजीचा फड, बंगालात पटुआंचे लांबलचक पट, ही सगळी त्याच गोतातली. आपल्याकडे या कलेला सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा आश्रय होता. कुठल्या घराण्याने कुठल्या देवळात कथा लावायची हेसुद्धा संस्थानाने ठरवून दिलं होतं, असं तिथली मंडळी सांगतात. आजच्या भाषेत सेल्स टेरिटरी.

आता माझ्यातला कॉमिक्सवेडा इथे एक वाद उकरून काढणारच. हे कॉमिक्स आहे का? स्कॉट मॅक्लाऊडचं 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) आमच्या पंथाचं मनाचे श्लोक समजा. त्याची व्याख्या थोडक्यात अशी, की मुद्दाम ठरवलेल्या क्रमाने शेजारी शेजारी मांडलेली चित्रं. यातला 'शेजारी शेजारी' हा शब्द कळीचा. कॉमिक्सच्या पानावर सहा चौकटी एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात, मागचं पुढचं एकदम दिसतं. चित्रकथीत चित्रं एकामागून एक येतात, एकावेळी एकच. म्हणजे पॅरलल नाही, सिरियल. काटेकोर बघायला गेलं तर पोथी कॉमिक्समध्ये बसत नाही, ती सिनेमाच्या जास्त जवळ जाते.

पण मॅक्लाऊडचाच दुसरा मुद्दा घ्या. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत खरी गोष्ट घडते. पहिल्या चौकटीत कुऱ्हाड उगारलेली, दुसरीत किंकाळी, मधला घाव वाचकाने स्वतः घालायचा. पोथीतही दोन चित्रांच्या मध्ये हीच कोरी जागा आहे, फक्त ती भरायला एक जिवंत माणूस बसलाय. तो वाटलं तर दोन चित्रांमध्ये अर्धा तास लावेल, वाटलं तर झटक्यात तीन पानं उलटेल. श्रोते पेंगायला लागले की लढाई आधी आणेल! मला तरी हे कॉमिक्सच वाटतं. व्याख्या मोडली तर मोडू दे.

बरं, चित्रं कशी आहेत? मी पिंगुळीच्या ठाकर आदिवासी कला आंगणात जाऊन आलोय. गंगावणे कुटुंबाने स्वतःच्या गुरांच्या गोठ्याचं केलेलं हे संग्रहालय. (परशुराम आत्माराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ लोकांना ही कला पहिल्यांदा 'कळली'. मीही त्यांतलाच एक.) पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुनी चित्रं आहेत, तिथल्यांना पैठण शैलीची म्हणतात. दोन्ही जवळची असली तरी एक नव्हेत, पैठणवाली जास्त भरगच्च. यावर आना दल्लापिकोला यांचं १९८० साली अख्खं पुस्तक आलं, ते जर्मनमध्ये. आपण कोणाचं काय वाचलंय ते सांगायला नकोच.

एक वाचक म्हणून सांगायचं तर पहिलं लक्षात येतं ते हे, की पार्श्वभूमी जवळपास नाहीच. एखादं झाड, एखादं आसन, बस. माणसं बाजूने दिसणारी, डोळे केवढे तरी मोठे, आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात कोणीतरी कोणाच्यातरी समोर उभं. लढाई असेल तर डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी, मध्ये बाण. रंग मोजके. आधी मला हे जरा एकसुरी वाटलं. नंतर विचार केला, दिव्याच्या उजेडात दहा-पंधरा फुटांवरून बघायचंय. बारीक कलाकुसर तिथे वाया. बाजूचा चेहरा आणि मोठा डोळा लांबून ओळखू येतो, कोण कोणाशी बोलतंय हे लगेच कळतं. आणि गोष्ट तर सगळ्यांना पाठ, घरोघरी 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' वाचले जायचे. म्हणजे 'पुढे काय झालं' हा प्रश्नच नाही. चित्राचं काम एवढंच, की त्या क्षणी ते दोघे समोरासमोर आहेत हे धरून ठेवायचं. बाकीचं आवाज बघेल. स्क्रीनचा आकार, अंतर, उजेड बघून केलेलं डिझाइन आहे ते. सावंतवाडीच्या गंजिफावरची माणसं बघा, तसेच मोठे डोळे, तशीच मोजकी रेघ. दशावतारी गंजिफाचा १२० पानांचा जोड, तोही मोठ्यांचाच खेळ.

मणि कौलनी १९७७ साली 'चित्रकथी' नावाचा माहितीपट केला होता. कोणाला मिळाला तर जरूर बघा. केळकर संग्रहालयात चित्र असतं पण आवाज नसतो, त्यामुळे आपण मूकपट बघून परत येतो.

आता जपान. इथे उडी का मारतोय ते लगेच कळेल. १९३०च्या आसपास मंदीच्या दिवसांत टोकियोच्या गल्ल्यांमध्ये सायकलवर लाकडी चौकट लावून माणसं फिरायची. चौकटीत चित्रांचे पुठ्ठे, एकेक ओढून काढायचा आणि गोष्ट सांगायची. याला कामिशिबाई म्हणतात. पोथीसारखंच सगळं, फरक एवढाच की हे पोरांसाठी होतं. गोळ्या-मिठाई विकत घेणाऱ्या पोरांना पुढची जागा. ('सोनेरी वटवाघूळ' नावाचा कवटीतोंड्या सुपरहिरो यातूनच आला, सुपरमॅनच्या बरीच वर्षं आधी.) १९५३ मध्ये तिथे टीव्ही सुरू झाला, लोक त्याला विजेची कामिशिबाई म्हणायला लागले आणि धंदा बसला. मग ही चित्रं काढणारे कलाकार कुठे गेले? कॉमिक्समध्ये. भाड्याने मिळणारी कॉमिक्स तेव्हा जोरात होती. शिगेरू मिझुकी, सान्पेई शिरातो, 'लोन वुल्फ अँड कब'चा चित्रकार गोसेकी कोजिमा, सगळे कामिशिबाईतून आलेले. १९५७ साली योशिहिरो तात्सुमीने मोठ्यांसाठीच्या गंभीर चित्रकथांना 'गेकिगा' असं वेगळं नाव दिलं. १९६४ पासून 'गारो' मासिकात शिरातो, मिझुकी सगळे एकत्र दिसतात. अमेरिकेत विल आयझनरचं 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड' यायला १९७८ उजाडलं.

म्हणजे त्यांच्याकडे पोरांसाठी असलेली चित्रांची गोष्ट वाढत वाढत मोठ्यांची झाली. आपल्याकडे मोठ्यांची असलेली गोष्ट लहान होत होत पोरांची झाली. 'चांदोबा' १९५२ साली मराठीत आला, 'अमर चित्र कथा' १९६७ ला सुरू झाली. आख्यानं बरीचशी तीच, पोथीतलीच. ऐकणारा तेवढा बदलला.

हे असं का झालं यावर माझा अंदाज सांगतो. पहिलं कारण, पोथी पवित्र. देवळात लावायची, पूजा करायची, जीर्ण झाली की पाण्यात विसर्जन. (बॅकअप वगैरे नाही. आज जे शिल्लक आहे ते विसर्जन करायचं राहून गेलेलं.) कामिशिबाईवाल्याला रोज नवा भाग लागायचा, नाहीतर पोरं शेजारच्या गल्लीत जायची. त्यामुळे तिथे चित्रकारांचा एक वर्ग तयार झाला, रोजच्या रोज नवीन गोष्ट पाडणारा. इथे देऊळ ठरलेलं, घराणं ठरलेलं, आख्यान ठरलेलं, पोटापाण्याची सोय राजाने लावलेली. स्पर्धाच नाही, मग नवी गोष्ट कशाला? आणि १९४८ साली संस्थान विलीन झालं तेव्हा ती सोयही गेली.

दुसरं कारण मला जास्त पटतं. छापखाना. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर वगैरे मंडळींनी चित्रशाळा प्रेस काढला, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला. देवादिकांची रंगीत चित्रं घराघरांत पोचली, पण कशी? एकेकटी. फ्रेम करून भिंतीवर. राम-सीता वेगळे, लक्ष्मी वेगळी, शकुंतला वेगळी. छपाईच्या पहिल्याच झटक्यात चित्राचा आणि पुढच्या चित्राचा संबंध तुटला. आणि क्रमाने चित्रं बघायची जी भूक होती, ती भागवली सिनेमाने. दादासाहेब फाळके रविवर्मा प्रेसमध्ये काम केलेले गृहस्थ. १९१३ साली त्यांनी हरिश्चंद्राचं आख्यान पडद्यावर लावलं. अंधारात बसलेली मोठी माणसं, हलता उजेड, पाठ असलेली पौराणिक गोष्ट. आमचा प्रेक्षक तिकडे गेला तो गेलाच. कागदावर उरली ती पोरं.

रस्ता अगदीच बंद झालाय असंही नाही. ओरिजित सेनचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ मधलं, नर्मदेवरचं. २०११ साली दोन पुस्तकं आली. मोयना चित्रकार या पटुआ चित्रकर्तीने संहिता अर्नीबरोबर केलेलं 'सीताज रामायण', आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याने काढलेलं बाबासाहेब आंबेडकरांवरचं 'भीमायन'. 'भीमायन' वाचलं नसेल तर या विकांताला वाचाच. व्याम दांपत्याने चौकटी काढायला नकार दिला. माणसांना डब्यात कोंडायचं नाही, एवढी साधी भूमिका. मग गोंड घरांच्या भिंतीवर काढतात त्या दिग्न्याच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलंय. १९०१ साली लहानगा भीमा वडिलांना भेटायला निघतो आणि वाटेत स्टेशनवर त्याची जात कळल्यावर जे घडतं, तो प्रसंग बघा. मॅक्लाऊडची कोरी जागा तिथे उरतच नाही, सगळं एकमेकांत वाहतं. पटुआंना जमलं, गोंडांना जमलं. साहित्य पिंगुळीकडेही आहे, कारण त्यांच्याकडे पानोपानी चालणारी गोष्ट आधीपासूनच होती. गोंडांची भिंत होती, ह्यांची तर पोथी! लागतो तो एक लेखक, एक प्रकाशक, आणि दोन-तीन वर्षांचे पैसे. माझ्या माहितीतला कुठलाही स्टार्टअप याहून जास्त पैसे पहिल्या सहा महिन्यांत उडवतो.

असो. सध्या पिंगुळीची चित्रं विकत मिळतात ती सुटी, एकेक. चित्रशाळेसारखीच, भिंतीवर लावायला. माझ्या पुण्याच्या खोलीतही एक आहे. दोन माणसं समोरासमोर, डावीकडच्याने हात वर केलाय, काहीतरी ठासून सांगतोय. मामा मध्ये येऊन गेला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा होता. म्हणाला, "बरा आसा. पण फुडला खंय?"